गडकऱ्यांची नाटके आणि मालकीची मुदत

नागपूरपासून फार दूर नसलेल्या सावनेर या गावी २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी क्षयाने निवर्तले. त्यांना चौतिसावे वर्ष चालू होते. त्यानंतर महिना उलटण्यापूर्वीच गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले आणि बालगंधर्वांची सिंधू महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. रंगभूमीच्या इतिहासात ही घटना एक करुण योगायोग म्हणून सांगितली जाते. ग्रंथस्वामित्वाच्या कायद्याचा विचार करणाऱ्यास मात्र तीत निराळाच प्रश्न दिसतो. नाटकाच्या यशात नाटककाराचा वाटा किती, आणि तो त्याच्या हाती पडावा केव्हा?

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी नवसारीस झाला. वडील लवकर गेले, कुटुंब पुण्यास आले. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला खरा, पण पदवीपर्यंत काही मजल गेली नाही. किर्लोस्कर नाटक मंडळीत मुलांचे मास्तर म्हणून ते राहिले आणि नाटकाचे खरे शिक्षण त्यांना तेथेच मिळाले. वऱ्हाडात वकिली करणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना त्यांनी गुरू मानले. गोविंदाग्रज या नावाने त्यांनी कविता लिहिली, बाळकराम या नावाने विनोद लिहिला. नाटकांवर मात्र स्वतःचे नाव ठेवले. ‘प्रेमसंन्यास’ १९१२ मध्ये आले, ‘पुण्यप्रभाव’ १९१६ मध्ये. या चार वर्षांच्या अंतरातच हिंदुस्थानातला कायदा बदलला, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

१८४७ साली कंपनी सरकारने केलेला कायदा विलायतेतील कायद्याच्या धर्तीवर होता आणि त्याचा रोख मुख्यतः पुस्तक छापण्याकडे होता. ग्रंथकाराच्या हयातीनंतर सात वर्षे किंवा प्रकाशनापासून बेचाळीस वर्षे, यांतील जी मुदत अधिक ती लागू होई. नाटक हे छापण्याइतकेच करून दाखवण्याचे असते, हे कायद्याला उशिरा सुचले. फ्रान्समध्ये बोमार्शे या नाटककाराने १७७७ मध्ये आपल्या व्यवसायबंधूंना एकत्र करून नाट्यगृहाच्या उत्पन्नात हिस्सा मागितला. प्रयोगाचा हक्क नाटककाराचा, हे तेथील कायद्याने १७९१ मध्ये मान्य केले. इंग्लंडला त्यासाठी १८३३ साल उजाडले. पुढे १८८६ च्या बर्न करारातून राष्ट्राराष्ट्रांत एकसूत्रता येत गेली. १९०८ च्या बर्लिन परिषदेने हयातीनंतर पन्नास वर्षांची मुदत पुढे केली, इंग्लंडने ती १९११ मध्ये घेतली आणि १९१४ च्या कायद्याने ती हिंदुस्थानात आली. छापण्याचा, प्रयोगाचा आणि नाट्यरूपांतराचा हक्क आता एकाच छत्राखाली आला.

म्हणजे ‘एकच प्याला’ लिहिताना गडकऱ्यांच्या बाजूस जगातील तत्कालीन उत्तम कायदा उभा होता. तथापि कायदा हक्क देतो, तो विकताना भाव कोणता पडेल हे ठरवीत नाही. त्या काळी नाटक मंडळीच्या स्वाधीन करून मोबदला घेणे हीच लेखकाची कमाई. मंडळीजवळ पडदे होते, नट होते, गावोगावच्या मुक्कामांची व्यवस्था होती; लेखकाजवळ एक हस्तलिखित. किर्लोस्कर मंडळी फुटून १९१३ मध्ये गंधर्व मंडळी निघाली, १९१८ मध्ये दीनानाथ मंगेशकर व चिंतामणराव कोल्हटकर यांनी बलवंत संगीत मंडळी काढली. चांगल्या नाटकांसाठी मंडळ्यांत चढाओढ लागली. गडकऱ्यांनी ‘भावबंधन’ बलवंत मंडळीसाठी लिहिले, तेही प्रकृती पुरती ढासळली असताना. मृत्यूच्या थोड्याच आधी ते पुरे झाले. ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले. मागणी वाढली तेव्हा पुरवठा करणाऱ्याचे आयुष्यच संपत आले होते.

अशा माणसाला हयातीनंतरच्या पन्नास वर्षांचा उपयोग काय? अर्थशास्त्राच्या साध्या हिशेबाने, सहा टक्के व्याज धरले तर पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाचे आजचे मोल साडेपाच पैसेही भरत नाही. नाटक विकत घेणारा त्या दूरच्या वर्षांसाठी लेखकाला जवळजवळ काहीच जास्त देत नाही. मुदत वाढली की लेखक सुखी होतो, हा समज म्हणूनच तपासून घेतला पाहिजे.

१९११ च्या कायद्याच्या कर्त्यांना याची जाणीव असावी, कारण त्यांनी एक शहाणपणाची तरतूद केली होती. लेखकाने हयातीत हक्क कोणाला कायमचे लिहून दिले, तरी त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी ते त्याच्या वारसांकडे परत यावेत. हिंदुस्थानच्या १९१४ च्या कायद्यातही ती आली. गडकऱ्यांच्या अखेरच्या नाटकांना हा हिशेब लावला तर तारीख येते २३ जानेवारी १९४४. गरजेपोटी केलेला सौदा कायमचा समजू नये, हे या तरतुदीचे तत्त्व होते. स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या कायद्याने पन्नास वर्षे ठेवली आणि ही परतीची वाट मात्र ठेवली नाही. आपल्या संसदेने एवढी चांगली गोष्ट का सोडून द्यावी, याचे समाधानकारक उत्तर सापडत नाही.

‘एकच प्याला’ची कथा येथे संपत नाही. त्यातील पदे गडकऱ्यांची नव्हेत. ती त्यांचे स्नेही, कथाकार विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. चाली देण्यात बाई सुंदराबाईंचा वाटा होता. एकाच तिकिटात प्रेक्षक तिघांचे काम ऐकत होता, आणि कायद्याने तिघांना तीन निरनिराळी मापे लावली. गद्य आणि पदे वेगळी काढता येतात, म्हणून ती संयुक्त कृती ठरत नाही. प्रत्येकाची मुदत स्वतंत्र चालते. गडकऱ्यांचे गद्य १९६९ अखेर सर्वांसाठी खुले झाले. गुर्जर १९६२ पर्यंत जगले, म्हणून त्यांच्या पदांची मुदत २०१२ अखेर संपली असती. परंतु रवींद्रनाथ ठाकुरांच्या ग्रंथांवरील विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपत होता. तो टिकावा म्हणून सरकारने घाईने वटहुकूम काढला आणि १९९२ च्या दुरुस्तीने सर्वांनाच साठ वर्षे दिली. शांतिनिकेतनसाठी केलेल्या या सोयीमुळे सिंधूच्या तोंडची पदे २०२२ च्या अखेरपर्यंत बांधलेली राहिली. आणि सुंदराबाई? १९५७ च्या कायद्याच्या मूळ व्याख्येत लिहून वा छापून ठेवलेले संगीतच संगीत होते. स्वरलेखन न करता गळ्यातून गळ्यात दिलेली चाल त्या व्याख्येत बसतच नव्हती. ती त्रुटी १९९४ मध्ये दूर झाली.

अमेरिकेने १९९८ मध्ये हयातीनंतर सत्तर वर्षे केली, युरोपने त्यापूर्वीच १९९३ मध्ये. आपणही तसे करावे असे म्हणणारे आहेत. त्यांना गडकऱ्यांचा हिशेब दाखवावा. लेखकाचे हित पाहायचे तर पाहावा तो कराराचा कागद. आजच्या कायद्यात, करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांपुरतेच धरले जाते. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपट व ध्वनिमुद्रणातील गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा त्यांना सोडून देता येणार नाही असे ठरवले. गडकरी-गुर्जरांच्या काळी यातले काहीच नव्हते. मात्र नाटकाच्या लेखकाला तिकीटविक्रीतला असा न सोडता येणारा वाटा अजूनही दिलेला नाही, आणि नवोदित लेखक पहिल्या संहितेवर आजही मिळेल त्या रकमेवर सही करतो.

नागपूरच्या मनीषनगरातील एखाद्या शाळेने उद्या ‘एकच प्याला’ पदांसह करायचे ठरवले, तर कोणाच्याही परवानगीची गरज नाही. १ जानेवारी २०२३ पासून ते नाटक पुरतेच मोकळे झाले आहे. लेखकाच्या मृत्यूपासून तोवर एकशे तीन वर्षे, अकरा महिने लोटले होते.