एड्सगर डाइक्स्ट्रा

एड्सगर वाइबे डाइक्स्ट्रा (११ मे, १९३० – ६ ऑगस्ट, २००२) हे डच संगणकशास्त्रज्ञ होते. दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याच्या त्यांच्या रीतीमुळे ते विद्यार्थ्यांना परिचित आहेत. तथापि एकाच वेळी चालणाऱ्या अनेक प्रक्रियांनी सामायिक माहिती न बिघडवता कशी वापरावी, या प्रश्नाची त्यांनी केलेली मांडणी अधिक मूलगामी होय. संचालन प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, आज होणारी संदर्भगणना याच प्रश्नावर उभी आहे. १९७२ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

जन्म व शिक्षण

डाइक्स्ट्रा यांचा जन्म नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक होते, तर आई गणितज्ञ होती. मात्र तिने कधी नोकरी केली नाही. कायद्याचे शिक्षण घेऊन संयुक्त राष्ट्रांत देशाचे प्रतिनिधित्व करावे, असा त्यांचा आरंभीचा विचार होता. तो सोडून ते लायडन विद्यापीठात दाखल झाले व सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे वळले. १९५१ साली त्यांनी केंब्रिज येथे मॉरिस विल्क्स यांच्याकडे आज्ञावलीलेखनाचा अल्पकालीन वर्ग केला. पुढील वर्षी ते ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात रुजू झाले. १९५७ मध्ये विवाहनोंदणीच्या वेळी त्यांनी आपला व्यवसाय प्रोग्रॅमर असा सांगितला. परंतु असा व्यवसायच नसल्याचे कारण देऊन अधिकाऱ्यांनी तो नाकारला आणि नोंदीत सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असे लिहावे लागले.

जवळच्या मार्गाची रीत त्यांना १९५६ मध्ये ॲम्स्टरडॅममधील एका कॉफीगृहात कागद-पेन्सिलीविना सुमारे २० मिनिटांत सुचली. ती १९५९ साली प्रसिद्ध झाली.

खंडनाचा धडा

त्याच सुमारास एक्स१ या नव्या यंत्रासाठी आज्ञावली लिहिताना त्यांच्यापुढे वेगळीच अडचण आली. या यंत्रात बाह्य उपकरण चालू काम मध्येच थांबवून आपल्याकडे लक्ष वेधू शकत असे. असे खंडन कोणत्या क्षणी येईल हे सांगता येत नसे. त्यामुळे एकदा घडलेली चूक पुन्हा घडवून तपासणे जवळजवळ अशक्य होते. डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये पीएच.डी. मिळवली ती याच विषयावर. नुसत्या चाचणीवर विसंबू नये, आज्ञावलीची अचूकता तर्काने सिद्ध करावी, हा त्यांचा पुढील आग्रह या अनुभवातून समजून घेता येतो.

१९६० साली त्यांनी याप झोनेफेल्ड यांच्यासह याच यंत्रासाठी अल्गोल ६० या भाषेचा कंपायलर पूर्ण केला. काम संपेपर्यंत दाढी न करण्याचा दोघांचा पण होता.

सेमाफोर व सामायिक गणक

१९६२ पासून ते आइंडहोवन येथील तंत्र विद्यापीठात प्राध्यापक होते. तेथे सहा जणांच्या गटाने एक्स८ यंत्रासाठी टीएचई ही संचालन प्रणाली थरांच्या रचनेत बांधली. तिचे वर्णन १९६८ साली प्रसिद्ध झाले. परस्परांना सहकार्य करणाऱ्या प्रक्रियांसाठी तिच्यात सेमाफोर वापरले होते. सेमाफोर म्हणजे एक पूर्णांक व त्यावरील दोन अखंड क्रिया: एक तो एकाने घटवते, दुसरी वाढवते. घटवल्यानंतर तो ऋण झाला तर प्रक्रियेला थांबावे लागते.

या क्रिया अखंड का असाव्या लागतात, हे संदर्भगणनेच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. संदर्भगणनेची कल्पना डाइक्स्ट्रा यांची नव्हे; ती जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली मांडली. स्मृतीतील प्रत्येक वस्तूसोबत तिच्या वापरकर्त्यांची संख्या ठेवायची आणि ती शून्य झाली की जागा मोकळी करायची, अशी ती रीत आहे. समजा, गणक ५ वर आहे. दोन प्रोसेसर एकाच वेळी तो वाचतात, दोघेही त्यात एक मिळवतात व दोघेही ६ लिहितात. वास्तविक वापरकर्ते ७ झालेले असतात. पुढे सहा जणांनी वस्तू सोडली की गणक शून्यावर येतो आणि सातवा वापरत असतानाच ती जागा दुसऱ्याला दिली जाते. अशी चूक महिनोन्महिने दडून राहू शकते.

प्रत्येक वाचन किंवा लेखन तेवढे अखंड आहे, एवढ्याच गृहीतकावर कितीही प्रक्रियांना परस्परांपासून दूर ठेवण्याची रीत डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली दिली. दोन प्रक्रियांसाठीचे उत्तर त्यापूर्वी डेकर यांनी शोधले होते. डाइक्स्ट्रा यांच्या रीतीत एखादी प्रक्रिया अनिश्चित काळ ताटकळू शकते, ही उणीव डोनाल्ड कनूथ यांनी १९६६ मध्ये दाखवून दिली.

शून्य ओळखण्याचा प्रश्न

१९७३ साली डाइक्स्ट्रा बरोज कंपनीचे संशोधक झाले व नुएनेन येथील घरूनच काम करू लागले. १९७८ साली चार सहकाऱ्यांसह त्यांनी आज्ञावली चालू असतानाच निरुपयोगी स्मृती गोळा करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. सिद्धतेचा एवढा आग्रह असूनही तिच्या आधीच्या एका आवृत्तीत सूक्ष्म चूक निघाली होती. विषय किती निसरडा आहे याची ही साक्षच म्हणावी लागेल.

१९८० मध्ये त्यांनी एक्स१चे एक रचनाकार कारेल स्कोल्टेन यांच्यासह आणखी एक रीत मांडली. अनेक यंत्रांवर पसरलेले काम पूर्णपणे संपले हे कसे ओळखावे, हा तिचा विषय. येथे सर्वांसाठी एकच गणक नसतो. आपण पाठवलेल्या किती निरोपांची पोच यायची आहे, एवढेच प्रत्येक यंत्र मोजते. ज्याच्या निरोपाने ते कामाला लागले, त्याला ते आपले काम संपल्यावर व सर्व पोचा आल्यावरच शेवटची पोच देते. मुळाशी असलेल्या यंत्राचा हिशेब शून्य झाला म्हणजे सर्व काम संपले.

बहुप्रोसेसर यंत्रांच्या युगात हा विचार नव्याने महत्त्वाचा ठरला. अखंड क्रिया वापरल्याने गणना अचूक राहते, पण गणक एकच असल्यास तो साठवणारी कॅशमधील ओळ एका प्रोसेसरकडून दुसऱ्याकडे सतत फिरत राहते आणि प्रोसेसर वाढूनही वेग वाढत नाही. २०१० साली एमआयटीच्या संशोधकांनी ४८ गाभ्यांच्या यंत्रावर लिनक्सची तपासणी केली, तेव्हा अशा सामायिक गणकांचा अडथळा ठळकपणे दिसला. लिनक्समध्ये २०१३ पासून प्रत्येक प्रोसेसरला स्वतःचा गणक देणारी सोय आहे. तिच्यात एकाच प्रोसेसरचा आकडा पाहून काहीच कळत नाही. वस्तू एका प्रोसेसरवर घेऊन दुसऱ्यावर सोडली तर तो ऋणही होऊ शकतो. अर्थ असतो तो बेरजेला. म्हणून वस्तू मोडीत काढायच्या वेळी गणक पुन्हा एकत्र केले जातात व त्यानंतरच शून्याची तपासणी होते.

उत्तरकाल

१९८४ ते १९९९ या काळात डाइक्स्ट्रा अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक होते. स्वतः संगणक वापरण्याचे त्यांनी बराच काळ टाळले. ईडब्ल्यूडी या आद्याक्षरांनी क्रमांकित केलेली त्यांची १,३०० हून अधिक टिपणे असून त्यांतील बरीचशी त्यांनी शाईच्या पेनाने सुवाच्य अक्षरांत लिहिली. त्यांच्या छायाप्रती एकाकडून दुसऱ्याकडे जात जगभर पोहोचत. त्यांची टीका बोचरी असे व ती सर्वांनाच रुचत नसे.

निवृत्तीनंतर ते नुएनेनला परतले. तेथेच कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वितरित संगणनातील प्रभावी शोधनिबंधाचा पुरस्कार २००२ साली त्यांच्या १९७४ मधील स्वयंस्थिरतेवरील निबंधाला मिळाला होता. २००३ पासून तो पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो.