सैन्यातले घोटाळे पकडणारा अमेरिकन कर्नल गिरगावात राहायला आला होता

दीक्षाभूमीवर, बुद्धविहारांवर निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी पट्ट्यांचा जो ध्वज दिसतो, तो १८८५ साली कोलंबोत तयार झाला. तिथल्या बौद्धांच्या समितीने तो बनवला. मूळ आराखडा लांबलचक पताकेसारखा होता, तो राष्ट्रध्वजाच्या मापात आणा असं सुचवलं एका अमेरिकन माणसाने. पांढऱ्या दाढीचा कर्नल, नाव हेन्री स्टील ऑलकॉट.

हा कर्नल तिथे पोचला कसा, ती गोष्ट अमेरिकेच्या यादवी युद्धापासून सुरू होते.

ऑलकॉट यांचा जन्म १८३२ सालचा, न्यू जर्सीतला. आधी शेतीतज्ज्ञ, मग पत्रकार. गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राऊनला १८५९ मध्ये व्हर्जिनियात फाशी दिली, तेव्हा न्यूयॉर्कच्या पत्रकाराला तिथे कोणी उभं केलं नसतं. ऑलकॉट ओळख लपवून गेले आणि बातमी घेऊन आले.

युद्ध पेटल्यावर ते लिंकन यांच्या, म्हणजे युनियनच्या सैन्यात भरती झाले. जनरल बर्नसाइड यांच्या नॉर्थ कॅरोलिना मोहिमेत ते सिग्नल अधिकारी होते. पण तब्येत बिघडली आणि न्यूयॉर्कला परतावं लागलं. लढाईतला पराक्रम असा काही नावावर नाही. त्यांची खरी लढाई पुढे झाली, कागदांवर.

लाखोंचं सैन्य म्हटलं की धान्य, बूट, बंदुका, जहाजं आली, आणि कंत्राटदारही आले. खोटी बिलं, निकृष्ट माल, अधिकाऱ्यांना पाकिटं. आपल्याकडे हे काही वेगळं सांगायला नको. न्यूयॉर्कमध्ये सैन्यभरतीच्या जवानांच्या राहण्याजेवणाची खोटी बिलं लावणाऱ्या एका बड्या व्यापाऱ्याचं प्रकरण ऑलकॉट यांच्याकडे आलं. त्यांनी ते शेवटपर्यंत लावून धरलं आणि त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. मग युद्धखात्याने त्यांना विशेष आयुक्त केलं, पुढे नौदलानेही गोद्यांमधला भ्रष्टाचार शोधायला बोलावलं. कर्नल ही पदवी याच कामातली. एप्रिल १८६५ मध्ये लिंकन यांची हत्या झाली, तेव्हा तपासासाठी वॉशिंग्टनला बोलावलेल्या मोजक्या माणसांत ऑलकॉट होते.

युद्धानंतर ते वकील झाले. विम्याच्या खटल्यांत चांगला जम बसला. संसार मात्र मोडला. १८७४ साली व्हरमाँटमधल्या एका शेतघरात भुतं दिसतात अशी बोंब झाली आणि हे तपासायला गेले. तिथे भेटल्या रशियन मादाम ब्लाव्हॅट्स्की. आयुष्यभर खोटी बिलं पकडणारा माणूस या बाईंच्या चमत्कारांवर विश्वास ठेवून बसला! पुढच्याच वर्षी दोघांनी इतरांसह न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी काढली. नंतर वकिली सोडून, दोन मुलांना अमेरिकेत ठेवून ऑलकॉट भारताकडे निघाले.

१६ फेब्रुवारी १८७९ ला बोट मुंबईला लागली. अपोलो बंदरावर उतरताच त्यांनी वाकून दगडी पायरीचं चुंबन घेतलं. यजमान होते मुंबई आर्य समाजाचे हरिश्चंद्र चिंतामण. स्वागत जंगी झालं आणि नंतर त्याचं बिल हातात पडलं. ऑलकॉट यांच्या आठवणींनुसार त्यात घरभाडं, जेवण, समारंभाच्या ३०० खुर्च्यांचं भाडं, इतकंच काय, लवकर या म्हणून पाठवलेल्या तारेचा खर्चही होता. शिवाय न्यूयॉर्कहून आर्य समाजासाठी पाठवलेले काहीशे रुपये समाजापर्यंत पोचलेच नव्हते. कर्नलसाहेबांनी बाडबिस्तरा उचलला आणि गिरगावात दुसरं घर घेतलं. ऑक्टोबर १८७९ मध्ये सोसायटीचं 'थिऑसॉफिस्ट' मासिक मुंबईतूनच सुरू झालं.

मे १८८० मध्ये ते श्रीलंकेतल्या गॉल शहरात गेले आणि जाहीरपणे पंचशील घेऊन बौद्ध झाले. बेटावर ब्रिटिशांचं राज्य होतं आणि चांगल्या शाळा मिशनऱ्यांच्या हातात. ऑलकॉट बैलगाडीतून गावोगाव फिरले, वर्गणी गोळा केली, बौद्ध शाळा काढायला लावल्या. कोलंबोचं आनंद कॉलेज त्याच चळवळीतलं. मुलांसाठी त्यांनी प्रश्नोत्तरांचं बौद्ध धर्माचं पुस्तक लिहिलं. १८८३ मध्ये कोलंबोत बौद्धांच्या मिरवणुकीवर हल्ला झाला आणि न्याय मिळेना, तेव्हा त्यांची बाजू घेऊन ते थेट लंडनला गेले. वैशाख पौर्णिमेची सुट्टी सुरू झाली ती यानंतरच.

एव्हाना सोसायटी मद्रासजवळ अड्यारला हलली होती आणि तिथेच मोठा धक्का बसला. लंडनच्या एका संशोधन संस्थेने चौकशी करून १८८५ मध्ये ब्लाव्हॅट्स्की यांचे चमत्कार बनावट ठरवले. ऑलकॉट सामील नव्हते, फार भोळे होते, असं अहवालाचं म्हणणं. घोटाळे शोधून नाव कमावलेल्या माणसाला यापेक्षा जिव्हारी लागणारं दुसरं काय असणार? ब्लाव्हॅट्स्की युरोपला गेल्या, त्या परत आल्या नाहीत. ऑलकॉट अड्यारलाच राहिले. १८९४ मध्ये त्यांनी तिथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मोफत शाळा काढली. पुढे याच समाजाचे नेते अयोथीदास पंडित यांनी बौद्ध धर्माकडे वळताना त्यांचीच मदत घेतली.

१७ फेब्रुवारी १९०७ ला अड्यारमध्ये ऑलकॉट गेले. कोलंबोच्या फोर्ट रेल्वे स्टेशनसमोर आज त्यांचा पुतळा उभा आहे.