ससून : तीन मिलिमीटरच्या फितीची गोष्ट

'ससून' म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? पुण्यातलं ससून हॉस्पिटल, नाहीतर मुंबईतला ससून डॉक. बाइकवरून पडलेल्या कुठल्यातरी दोस्ताला रात्री दोन वाजता ससूनला नेल्याशिवाय हॉस्टेल लाइफ पूर्ण होत नाही असं म्हणतात. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे सिगफ्रीड ससून नावाचा इंग्लिश कवी ऐकून माहीत होता. पण त्या ससूनचा आणि आपल्या ससूनचा काही संबंध असेल, हे मात्र डोक्यातही आलं नव्हतं.

मला मिनिएचर बस्ट, म्हणजे छातीपर्यंतचे छोटे पुतळे करायचा नाद आहे. तारेचा सांगाडा, त्यावर एम-सील, कोरायला टूथपिक आणि कंपासपेटीतलं कर्कटक. (रूम पार्टनर वासाला वैतागलाय, पण बिचारा सहन करतो.) सध्या पहिल्या महायुद्धातल्या कवींचा सेट चालू आहे. ससूनचा लांबट चेहरा, जरा बाहेर आलेले कान, सगळं जमलं. खाकी युनिफॉर्मही रंगवून झाला. पण डाव्या खिशाच्या वर ब्रश अडला. तिथे मिलिटरी क्रॉस या शौर्यपदकाची फीत असते : पांढरा, जांभळा, पांढरा असे तीन सारखे पट्टे. एकास दहा स्केलला ही फीत जेमतेम तीन मिलिमीटर रुंद होते. ती रंगवायची की नाही? एवढं ठरवण्यासाठी मला त्याचं अख्खं आयुष्य वाचावं लागलं.

त्याचे पणजोबा म्हणजे डेव्हिड ससून. हे ज्यू व्यापारी १८३० च्या दशकात बगदादहून मुंबईत आले. व्यापारात, त्यात अफूही आली, त्यांनी अफाट पैसा कमावला आणि देणग्याही तशाच दिल्या. आपलं ससून हॉस्पिटल त्यांच्याच देणगीतून उभं राहिलं. १८६४ मध्ये ते पुण्यातच वारले. त्यांचा नातू आल्फ्रेड याने धर्माबाहेर लग्न केलं म्हणून घरच्यांनी त्याच्याशी संबंध तोडले. त्या आल्फ्रेडचा मुलगा सिगफ्रीड. जन्म ८ सप्टेंबर १८८६, इंग्लंडमधल्या केंट परगण्यातला.

आईकडची मंडळी तर आपल्याच लाइनची! आईचे आईवडील दोघंही शिल्पकार. लंडनला वेस्टमिन्स्टर पुलाजवळ राणी बोडिसियाचा रथ आहे, तो तिच्या वडिलांनी घडवला. एक मामा, हॅमो थॉर्निक्रॉफ्ट, नामवंत शिल्पकार. दुसरा मामा जॉन जहाजं बांधणारा इंजिनिअर. भाच्याने मात्र केंब्रिज डिग्री न घेताच सोडलं. घोडे, शिकार, क्रिकेट आणि स्वतःच्या खर्चाने छापलेल्या कविता, असे त्याचे मजेत दिवस चालले होते.

१९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि तो लगेच भरती झाला. १९१५ च्या नोव्हेंबरात धाकटा भाऊ गॅलिपोलीच्या मोहिमेत गेला. पुढच्या मार्चमध्ये जवळचा मित्र गेला. त्यानंतर हा इतका बेफाम लढायला लागला की सैनिक त्याला 'मॅड जॅक' म्हणू लागले. १९१६ च्या मे महिन्यात गोळ्या आणि बॉम्ब चालू असताना त्याने दीड तास जखमी सैनिक शोधून परत आणले. मिलिटरी क्रॉस मिळाला तो यासाठी. माणसं मारल्याबद्दल नाही, आणल्याबद्दल.

१९१७ मध्ये जखमी होऊन तो इंग्लंडला आला आणि विचार करू लागला. स्वसंरक्षणासाठी सुरू झालेलं युद्ध आता जिंकून घेण्याचं झालंय आणि ज्यांच्या हातात ते थांबवणं आहे तेच लांबवतायत, असं जाहीर निवेदन लिहून त्याने ड्यूटीवर जायला नकार दिला. त्याच जुलैमध्ये त्याने छातीवरची फीत उपटली आणि लिव्हरपूलजवळ मर्सी नदीच्या मुखात फेकून दिली. ३० जुलैला ते निवेदन ब्रिटिश पार्लमेंटमध्ये वाचलं गेलं.

कोर्ट मार्शल अटळ होतं. पण रॉबर्ट ग्रेव्हज या कवी मित्राने खटपट करून त्याला मनाने थकलेला ठरवलं आणि त्याची रवानगी एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट हॉस्पिटलात झाली. तिथले त्याचे डॉक्टर रिव्हर्स. याच रिव्हर्सनी पूर्वी आपल्या निलगिरीतल्या तोडा लोकांचा अभ्यास करून १९०६ मध्ये पुस्तक लिहिलं होतं. तिथेच विल्फ्रेड ओवेन नावाचा बुजरा पेशंट त्याला भेटला. ससूनने त्याच्या कविता सुधारून दिल्या. आज गुरूपेक्षा हा शिष्य जास्त वाचला जातो.

आणि मग ससून परत आघाडीवर गेला! मत बदललं म्हणून नाही. आपली माणसं तिकडे मरतायत आणि आपण इथे गोल्फ खेळतोय, हे त्याला सहन होईना. १३ जुलै १९१८ ला शत्रू समजून त्याच्याच एका सार्जंटने झाडलेली गोळी त्याच्या डोक्याला लागली. तो वाचला. ओवेन मात्र ४ नोव्हेंबरला, युद्ध संपायला एक आठवडा असताना, पंचविसाव्या वर्षी मारला गेला.

ससून पुढे पुष्कळ जगला. आठवणींवर आधारलेली पुस्तकं लिहिली, लग्न केलं, एक मुलगा झाला. १ सप्टेंबर १९६७ ला तो वारला. त्याने पदकच नदीत फेकलं असा बऱ्याच जणांचा समज होता. पण २००७ मध्ये ते स्कॉटलंडमधल्या त्याच्या मुलाच्या घराच्या माळ्यावर सापडलं. नदीत गेली होती ती फक्त फीत.

म्हणजे प्रश्न परत माझ्या ब्रशवर आला. फीत रंगवली तर त्याचा नकार पुसला जातो. नाही रंगवली तर ते जखमी सैनिक पुसले जातात. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या, आणि दोन्ही वेळा कारण तेच : सोबतची माणसं.

शेवटी उत्तर रूमच्या भिंतीवर मिळालं. सीनिअर्सनी जाताना पोस्टर काढलं की खालचा रंग कसा वेगळा दिसतो, तसं. मी खाकीत थोडा ब्राऊन मिसळला आणि खिशाच्या वर तीन मिलिमीटरचा, न विटलेल्या कापडाचा, गडद तुकडा तेवढा रंगवला.

पुतळा आता खिडकीत वाळतोय. रूममध्ये आलात तर बघा, पण कृपया हात लावू नका. आणि पुढच्या वेळी कुणाला ससूनला घेऊन गेलात, तर जखमींना उचलून आणणाऱ्या त्या पणतूचीही आठवण काढा.