एका गोळीचा हिशेब : जिम कॉर्बेट

छात्र मित्रांनो,

रेंजवर पॉइंट टू टू रायफलमध्ये हाताने एकेक गोळी भरताना तुमच्यापैकी बरेच जण कंटाळतात, हे मी पाहतो. एका दमात दहा गोळ्या झाडणारी रायफल का नाही, असेही विचारतात. उत्तरादाखल मी जिम कॉर्बेट यांचे चरित्र थोडक्यात सांगणार आहे. तेही एके काळी तुमच्यासारखेच छात्र होते.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनीतालला झाला. वडील तिथले पोस्टमास्तर होते. १८८१ मध्ये ते वारले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. हिवाळ्यात कुटुंब खाली कालाढुंगीला राही. तिथले जंगल हीच जिमची खरी शाळा. त्याची पहिली बंदूक ठासणीची होती, दुनळी. पण एक नळी फुटलेली आणि दस्ता तारेने बांधलेला. दारू आणि छरे महाग, म्हणून बार वाया घालवायची सोयच नव्हती.

वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास तो नैनीतालच्या स्वयंसेवक पलटणीत छात्र म्हणून भरती झाला. तिथल्या सार्जंट मेजरने त्याचा नेम पाहून हिवाळ्याच्या सुट्टीसाठी त्याला पॉइंट ४५० मार्टिनी रायफल दिली. काडतुसे हवी तेवढी मिळतील, पण रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकामे खोके मोजून परत आणायचे, अशी अट घातली. फायरिंगनंतर तुमच्याकडून खोके मोजून घेतो तेव्हा कुरकुरू नका, ही रीत फार जुनी आहे.

ही मार्टिनी कशी होती ते समजून घ्या. ब्रिटिश सैन्याने ती १८७१ मध्ये स्वीकारली. तिला मॅगझिन नाही, बोल्ट नाही. खालचा दांडा ओढला की आतला ठोकळा खाली जातो आणि रिकामा खोका मागे फेकला जातो. नवे काडतूस सारून दांडा वर केला की रायफल तयार. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. या कडेमुळे काडतूस नळीत नेमके हवे तेवढेच आत जाते आणि खोका ओढून काढायला पकड मिळते. मॅगझिनमध्ये मात्र अशा कडा एकमेकींत अडकतात, म्हणून पुढे बिनकडेची काडतुसे आली. तुमची पॉइंट टू टूची गोळी नीट पाहा, तिलाही तीच कड आहे. रचना साधी, सुटे भाग कमी आणि बिघडायला फारसे काही नाही. धक्का मात्र जबर बसे. दहा वर्षांच्या खांद्याला तर फारच.

याच रायफलने जिमने आपला पहिला बिबट्या मारला. दुसरी गोळी तयार नसताना समोर बिबट्या असणे म्हणजे काय, हे त्याला त्या वयात कळले.

शाळा संपल्यावर त्यांनी रेल्वेत नोकरी धरली आणि मोकामा घाटावर माल चढउताराचे काम वीस वर्षांहून अधिक काळ सांभाळले. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारायला ते गेले. तिने ४३६ माणसे मारली होती असे म्हणतात. कॉर्बेट यांच्यापाशी तीनच काडतुसे होती. दोन नेमासाठी, एक अडचणीसाठी. तिन्ही संपली, तेव्हा धावत जाऊन तहसीलदारांची बंदूक आणावी लागली. म्हणजे हिशेब काटेकोर हवा, पण फाजील आत्मविश्वास नको, हाही धडा त्यात आहे.

वाघीण पडल्यावर त्यांनी तिचा जबडा पाहिला. उजवीकडचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले होते, बंदुकीच्या जुन्या जखमेमुळे. नेहमीची शिकार करता येईना म्हणून ती माणसांकडे वळली होती. कुणाची तरी घाईने झाडलेली एक गोळी, आणि तिची किंमत शेकडो घरांनी मोजली. माझ्या मते या चरित्रातली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

पुढे त्यांनी दुनळी आणि मॅगझिनची रायफलही वापरली, पण सवय एका गोळीचीच राहिली. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी रात्रीच्या अंधारात एकाच गोळीत टिपला, आणि त्यासाठी कित्येक रात्री झाडावर बसून काढल्या.

पहिल्या महायुद्धात त्यांनी पाचशे कुमाऊँनी माणसांची तुकडी फ्रान्सला नेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, लेफ्टनंट कर्नल म्हणून ते छिंदवाड्याला आले आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाणाऱ्या जवानांना जंगलातील युद्ध शिकवले. मी जामुलचा. आमचा दुर्ग जिल्हा आणि छिंदवाडा तेव्हा एकाच मध्यप्रांतात होते, राजधानी नागपूर. साहेब आपल्या या मुलखात मास्तर होऊन आले, याचा मला अभिमान वाटतो.

उतारवयात त्यांच्या हाती बंदुकीऐवजी कॅमेरा अधिक दिसे. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानाला पुढे त्यांचे नाव दिले गेले. १९४७ मध्ये ते केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे वारले.

मित्रांनो, पुढे फौजेत तुमच्या हाती भरभर झाडणारी शस्त्रे येतीलच. पण सुटलेली गोळी परत बोलावता येत नाही. ती कुठे जाणार हे चाप ओढण्याआधी ठरवायची सवय आत्ताच लागते, आणि ती एकेक गोळी भरूनच लागते.

जय हिंद!