पंख्याची दोरी आणि बाजाराचा परवाना

सर छोटूराम हे नाव आपल्याकडे फारसे कुणाच्या कानावरून गेलेले नसते. हरियाणात मात्र त्यांना अजूनही ‘दीनबंधू’ म्हणतात. रोहतकजवळच्या गढी सांपला या गावी २४ नोव्हेंबर १८८१ रोजी एका कर्जबाजारी जाट शेतकऱ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला. खरे नाव राम रिछपाल. भावंडांत धाकटे म्हणून छोटू, आणि तेच नाव पुढे कायद्याच्या पुस्तकापर्यंत गेले.

त्यांच्या लहानपणाची एक हकिगत तिकडे घरोघर सांगतात. मुलाच्या पुढच्या शिक्षणासाठी वडील सावकाराकडे कर्ज मागायला गेले. सावकाराने बोलणे सुरू करण्याआधी छताच्या पंख्याची दोरी त्यांच्या अंगावर टाकली आणि ओढायला सांगितले. स्वतःचा मुलगा शेजारी बसलेला असताना म्हाताऱ्या माणसाला राबवतोस, म्हणून पोराने सावकाराला तिथेच सुनावले. या गोष्टीला सांगणाऱ्यांनी थोडे मीठमसाला लावले असेलही. पण छोटूरामांचे पुढचे आयुष्य त्या दोरीला धरूनच गेले, असे मला वाटते.

दिल्लीच्या सेंट स्टीफन्समधून पदवी, आग्र्याहून वकिली, १९१६ मध्ये ‘जाट गॅझेट’. रोहतक जिल्हा काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. असहकाराच्या प्रश्नावर १९२० मध्ये बाहेर पडले, ते अनेकांनी त्यांना कधीच माफ केले नाही. १९२३ मध्ये फझली हुसेन यांच्याबरोबर युनियनिस्ट पक्ष उभा केला. हिंदू, मुसलमान, शीख शेतकऱ्यांना एका बाजूला आणणारा हा पक्ष, पण इंग्रजांच्या छायेत वाढलेला. हे दोन्ही खरे आहे.

१९३७ नंतर मंत्री असताना त्यांनी सावकारांची नोंदणी सक्तीची केली, गहाण जमिनी परत मिळवून देणारा कायदा केला. मला मोलाचा वाटतो तो १९३९ चा शेतमाल बाजार कायदा. त्याआधी शेतकरी गाडी घेऊन मंडईत आला की मापात मारले जाई, मग धर्मशाळा, गोशाळा, झाडूवाला अशा नाना नावांनी कपात होई. आडत्या उरलेले पैसे आपल्या सवडीने देई. नव्या कायद्याने व्यापारी, दलाल, तोलारे यांना परवाना लागला, कपाती बंद झाल्या आणि बाजार समितीत शेतकऱ्यांना बहुमत मिळाले. व्यापाऱ्यांनी हे ‘काळे कायदे’ ठरवले, तर शेतकऱ्यांनी ‘सोनेरी’. आपल्या वऱ्हाडात कापूस व धान्य बाजाराचा कायदा १८९७ सालीच झाला होता, हेही इथे सांगायला हवे.

परवाना म्हणजे सरकारी कागद, त्यात काय एवढे, असे कुणी म्हणेल. माझ्या चुलत्यांना विचारा. एका वर्षी बांधावर आलेल्या दलालाने बाजारापेक्षा क्विंटलमागे पन्नास रुपये जास्त सांगितले. अर्धे पैसे रोख, बाकी आठवड्याने. आठवड्याने फोन बंद! पोलिसांनी पावती मागितली, तर चुलत्यांकडे वहीच्या पानावरचे आकडे. परवानाधारक असता तर समितीकडे नाव, पत्ता, अनामत सारे असते, परवाना रद्द होण्याची भीती असती. या माणसाला गमवायला काहीच नव्हते. काकू पोरीच्या फीसाठी दागिना घेऊन गेल्या.

समित्यांतही पुढे गटबाजी शिरली, तिथलेही व्यापारी पैसे थकवतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०२० च्या केंद्रीय कायद्याने समितीच्या आवाराबाहेर केवळ पॅन कार्डावर खरेदीची मुभा दिली. पैसे त्याच दिवशी किंवा फार तर तीन कामकाजाच्या दिवसांत द्यावेत, असे त्यात होते. न दिल्यास शेतकऱ्याने प्रांताकडे दाद मागायची. मोठे आंदोलन झाले आणि २०२१ च्या अखेरीस तो कायदा मागे घेतला गेला. बांधावरचे दलाल त्याआधीही होते, नंतरही आहेत.

छोटूराम ९ जानेवारी १९४५ रोजी लाहोरला वारले. त्याआधी थोडेच दिवस भाक्रा धरणाच्या कराराचे काम त्यांनी मार्गी लावले होते. अडीच वर्षांत पंजाबची फाळणी झाली. त्यांच्या पक्षाचे नाव पुसले गेले, पण मंडईतला परवाना सीमेच्या अलीकडे टिकला.