तीन वेळा उमेदवार, एकदाही अध्यक्ष नाही

अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन ७ जुलै १८९६ रोजी शिकागोच्या कोलिझियममध्ये सुरू झाले, तेव्हा अध्यक्षपदाच्या शर्यतीत विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांचे नाव फारसे कोणी गांभीर्याने घेत नव्हते. वय अवघे ३६, संसदेचा अनुभव दोन मुदतींचा आणि हाती कोणतेही पद नाही. तीनच दिवसांनी पक्षाची उमेदवारी त्यांच्या पदरात पडली.

ब्रायन यांचा जन्म १९ मार्च १८६० रोजी इलिनॉय राज्यातील सेलम या गावी एका न्यायाधीशाच्या घरी झाला. वकिली करण्यासाठी १८८७ मध्ये ते नेब्रास्कातील लिंकन शहरात आले आणि १८९० मध्ये प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. त्या काळी पश्चिमेकडील शेतकरी कर्जाने पिचला होता. धान्याचे भाव घसरत होते, चलन आखडले होते आणि फेडायचा डॉलर मात्र दिवसेंदिवस महाग होत होता. सोन्याबरोबरच चांदीचीही नाणी १६ ला १ या प्रमाणात मुक्तपणे पाडावीत, ही शेतकऱ्यांची मागणी ब्रायन यांनी उचलून धरली. या वादाचा एक धागा आपल्याकडेही येतो. जून १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडीसाठी बंद केल्या आणि जगाच्या बाजारात चांदीचा भाव कोसळला. त्याच वर्षी अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी सरकारची चांदीखरेदीही थांबवली. क्लीव्हलँड हे ब्रायन यांच्याच पक्षाचे. त्यामुळे शिकागोतील लढाई मुळात घरातलीच होती.

९ जुलै रोजी जाहीरनाम्यावरील चर्चेत ब्रायन शेवटी बोलायला उभे राहिले. सभागृहात सुमारे २० हजार लोक होते आणि ध्वनिवर्धक नव्हता. श्रमिकांना सोन्याच्या क्रुसावर चढवू नका, असे बजावताना त्यांनी दोन्ही हात क्रुसासारखे पसरले आणि क्षणभर तसेच उभे राहिले. सभागृह आधी स्तब्ध झाले, मग गर्जनेने दणाणले. प्रतिनिधींनी त्यांना खांद्यावर घेतले. हे भाषण उत्स्फूर्त मुळीच नव्हते. त्यातील कित्येक वाक्ये त्यांनी आधीच्या सभांतून घासूनपुसून घेतली होती. पण वेळ साधण्याचे कसब मात्र त्यांचेच. या पक्षात उमेदवारीसाठी दोन तृतीयांश मते लागत. पहिल्या फेरीत मिसुरीचे रिचर्ड ब्लँड आघाडीवर होते. पाचव्या फेरीत ब्रायन विजयी झाले. प्रमुख पक्षाचा इतका तरुण उमेदवार अमेरिकेने त्यानंतर पाहिलेला नाही.

प्रचारासाठी त्यांनी रेल्वेने सुमारे १८ हजार मैल पालथे घातले. प्रतिस्पर्धी विल्यम मॅकिन्ली ओहायोतील कँटन येथे घराच्या ओसरीवरून बोलत राहिले आणि जिंकले. १९०० मध्ये कॅन्सस सिटीच्या आणि १९०८ मध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनाने ब्रायन यांना पुन्हा उमेदवारी दिली. मतदारांनी दोन्ही वेळा नाकारले. मधल्या काळात, १९०६ मध्ये, ते जगभ्रमंतीत हिंदुस्थानात येऊन गेले. येथील करांचा बोजा आणि निरक्षरता पाहून त्यांनी ब्रिटिश राजवटीवर कठोर टीका करणारा लेख लिहिला.

स्वतः अध्यक्ष होता आले नाही, तरी दुसऱ्याला करण्यात त्यांचा हात राहिला. १९१२ च्या बाल्टिमोर अधिवेशनात चॅम्प क्लार्क यांनी बहुमत मिळवले होते, पण दोन तृतीयांशांचा पल्ला त्यांना गाठता येईना. चौदाव्या फेरीत ब्रायन यांनी आपले मत वुड्रो विल्सन यांच्याकडे वळवले. सेहेचाळिसाव्या फेरीत विल्सन उमेदवार ठरले. विल्सन यांनी त्यांना परराष्ट्रमंत्री केले. १९१५ मध्ये लुसिटानिया जहाज बुडाल्यानंतर जर्मनीला पाठवायचा खलिता त्यांना युद्धाकडे नेणारा वाटला आणि त्यांनी राजीनामा दिला. पदासाठी इतका झगडलेला माणूस पद इतक्या सहज सोडतो, हे विशेष.

१९२४ चे न्यूयॉर्क अधिवेशन मात्र त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत क्लेशदायक ठरले. कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा नाव घेऊन निषेध करावा, असा ठराव आला होता. पक्ष फुटेल या भीतीने ब्रायन यांनी त्यास विरोध केला. दुर्बलांचा कैवारी म्हणवणाऱ्या नेत्याची ही चूकच होती; आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांबाबत त्यांनी त्याआधीही फारसे तोंड उघडले नव्हते. सज्ज्यातील प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. ठराव अगदी निसटत्या फरकाने पडला. त्यानंतर उमेदवारीसाठी मतदानाच्या तब्बल १०३ फेऱ्या झाल्या आणि जॉन डेव्हिस यांची निवड झाली. उपाध्यक्षपदाची उमेदवारी ब्रायन यांचे धाकटे बंधू चार्ल्स यांना मिळाली. नोव्हेंबरमध्ये दोघेही पराभूत झाले.

पुढच्याच वर्षी टेनेसीतील डेटन येथे उत्क्रांतिवाद शिकवणाऱ्या शिक्षकावरील खटल्यात ब्रायन फिर्यादी पक्षाच्या बाजूने उभे राहिले. निकालानंतर पाच दिवसांनी, २६ जुलै १९२५ रोजी, त्याच गावी झोपेत त्यांचे निधन झाले. दोन तृतीयांशांचा नियम पक्षाने १९३६ च्या फिलाडेल्फिया अधिवेशनात रद्द केला.