किंडलमधला ‘बास्करव्हिल’ फाँट ज्याच्या नावाचा आहे, त्या माणसाची गोष्ट

किंडलवर पुस्तक उघडून फाँट बदलायला गेलात की यादीत एक नाव दिसतं : बास्करव्हिल. नाव वाचून अनेकांना शेरलॉक होम्स आठवतो. पण हा बास्करव्हिल खराखुरा माणूस होता, आणि त्याने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या अक्षरांत पुस्तकं काढली होती.

जॉन बास्करव्हिलचा जन्म १७०६ सालचा, इंग्लंडमधल्या वूस्टरशर परगण्यातला. तरुणपणी तो बर्मिंगहॅमला आला. तिथे तो मुलांना सुंदर हस्ताक्षर शिकवायचा आणि दगडावर अक्षरं कोरायचा. पुढे त्याने ट्रे, डबे अशा वस्तूंना चकचकीत रोगण चढवण्याचा धंदा सुरू केला आणि त्यात चांगला पैसा कमावला.

एवढ्यावर समाधानी राहिला असता तर आज त्याचं नाव कुणाला माहीत नसतं. पण १७५० च्या सुमारास त्याने कमावलेला पैसा छपाईत ओतायला सुरुवात केली.

सगळंच आपलं हवं

बाजारात मिळणारे खिळे त्याला पसंत नव्हते. त्याने स्वतः अक्षरं आखली आणि जॉन हँडी या कारागिराकडून त्यांचे पोलादी पंच कोरून घेतले. जाड रेघ ठसठशीत, बारीक रेघ एकदम नाजूक, हे त्याच्या अक्षराचं वैशिष्ट्य. पण अशी नाजूक रेघ खरबरीत कागदावर नीट उमटेना. मग त्याने छापयंत्रात सुधारणा केल्या, जास्त काळी शाई बनवली आणि नव्या पद्धतीचा गुळगुळीत कागद वापरला. छापलेले कागद तो गरम दाबून काढायचा, त्यामुळे पानाला चमक यायची.

या खटाटोपात काही वर्षं गेली. १७५७ मध्ये त्याचं पहिलं पुस्तक आलं : रोमन कवी व्हर्जिलचं काव्य. तेव्हा त्याने पन्नाशी गाठली होती.

कौतुक कमी, टीका जास्त

त्याच्या अक्षराने वाचकांचे डोळे जातील, असं लोक म्हणू लागले. त्याचा चाहता असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने अशाच एका टीकाकाराची मजा केली. कॅसलन या प्रस्थापित अक्षरकाराचा नमुना त्याने बास्करव्हिलचा म्हणून पुढे केला. त्या गृहस्थाने त्यातही भराभर दोष काढून दाखवले!

१७६३ मध्ये बास्करव्हिलने केंब्रिज विद्यापीठासाठी भव्य बायबल छापलं. विशेष म्हणजे तो स्वतः धर्म मानत नव्हता. आज ते त्याचं सर्वोत्तम काम समजलं जातं, पण तेव्हा ते पुरेसं खपलं नाही. छपाईने त्याला पैसा दिला नाही, त्याचा पैसा मात्र खाल्ला.

१७७५ मध्ये तो वारला. त्याच्या इच्छेनुसार त्याला चर्चच्या आवारात न पुरता घराच्या बागेत पुरलं. १८२१ मध्ये कामगारांना खोदकामात त्याची शवपेटी सापडली. ती काही काळ लोकांना बघायला ठेवली होती!

अक्षरं मात्र फिरत राहिली

त्याच्या पत्नीने, सारा ईव्हजने, पंच आणि खिळे फ्रान्सला विकले. त्या खिळ्यांनी व्हॉल्टेअरचं समग्र साहित्य छापलं गेलं. १९२३ मध्ये मोनोटाइप कंपनीने हे अक्षर पुन्हा बाजारात आणलं आणि १९५३ मध्ये मूळ पंच भेट म्हणून केंब्रिजला परतले. साराच्या नावानेही १९९६ मध्ये ‘मिसेस ईव्हज’ हा फाँट निघाला.

आज स्वतःचं ई-बुक काढणाऱ्याला पोलाद कोरावं लागत नाही. फाँटची फाइल ईपबमध्ये घातली की झालं. फक्त त्या फाँटचा परवाना ई-बुकसाठी चालतो का, ते आधी बघायचं, कारण अक्षराची कल्पना २५० वर्षं जुनी असली तरी त्याची आजची फाइल कुणाच्या तरी मालकीची असू शकते. ‘लिब्रे बास्करव्हिल’ खुल्या परवान्याचा आहे. त्यात देवनागरी नाही, पण मराठी पुस्तकासाठी ‘तिरो देवनागरी मराठी’ तशाच खुल्या परवान्यात मिळतो.

ज्या अक्षराने डोळे जातील म्हणून लोक घाबरले होते, ते आज अनेकजण रात्री झोपण्यापूर्वी वाचायला आवडीने निवडतात.